चिरलेली पत्ती

पोरांनो, सनईच्या धंद्यात मी जन्मभर टिकलो कसा, ते सांगितलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही. रेडिओच्या परीक्षेत मी सनईशिवाय सनई वाजवली!

परीक्षक पडद्याआड होते, त्यांना नुसतं ऐकू यायचं. पास झालो तर रेडिओवर नोकरी, नाहीतर सासऱ्याच्या रसवंतीत ऊस पिळायचा. लाल दिवा लागला आणि पहिल्याच फुंकरीला सनईची सूर देणारी पत्ती चिरली. दुसरी जवळ नव्हती. मग काय, सनई ओठांना लावून अख्खा भीमपलास मी गळ्यातून काढला! पडद्यामागून ‘वाहवा’ आली.

“दाजी, पुरे करा,” शेजारी बसलेला मेव्हणा म्हणाला. त्या दिवशी माझ्या मागे दुसरी सनई घेऊन साथीला तोच होता. “तुम्ही नुसते गाल फुगवत होतात. भीमपलास मी वाजवला.”