दूध कुणाचं?

छबूबाईने पदर कपाळावर आणखी पुढे ओढला आणि हॉटेलच्या पायरीवरूनच गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "दूध कुणाचं घेता?"

सोपानराव चक्रावले. दापोडीच्या सडकेवर हॉटेल टाकल्यापासून बायामाणसं पायरीशी येऊन एवढंच विचारीत, की आत बायकांना बसायची सोय आहे का. दुधाची चौकशी करणारी ही पहिलीच.

"इथल्याच गवळ्याचं. का हो बाई?"

"रहाटणीचं न्हाई ना?"

"रहाटणीचं इकडं कशाला येतंय?" त्यांनी तिला नीट निरखलं आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. "फॅमिली रूम तिकडं. पडदा आहे."

"झालं समाधान?" बरोबर आलेली तिची चुलतजाऊ शालन कुजबुजली. "चला आता आत, आक्का. सडकंवर किती हुबं ऱ्हायचं?"

बायकांना पडद्याआड बसून चहा घेता येईल अशी हॉटेलं पिंपरीत होती, कासारवाडीलाही होती. पण त्या सगळ्या हॉटेलांत सकाळी रहाटणीहून सायकलवरून दूध घालायला जायचे ते छबूबाईचेच मालक, आबाजी. शालनच्या घरी भेटावं, तर तिचा नवरा आबाजींचा सख्खा चुलतभाऊ, आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. छबूबाईच्या लेकीने, इंदूने, कारखान्यातल्या परजातीच्या फिटरशी लग्न केलं, तेव्हा आबाजींनी साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "माज्या घरच्या पाण्याचा थेंब तिच्या नरड्यात जायचा न्हाई." आबाजी एकदा बोलले की बोलले. लेकीचं नाव त्या दिवसापासून घरात निघालं नव्हतं. आता तिला मूल झालं होतं, आणि नातवाचं तोंड बघितल्याशिवाय छबूबाईला अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून परवा धारा काढताना तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आपलं दूध दापोडीला जातं का वं?"

"न्हाई. का?"

"उगं आपलं."

आपण किती बेमालूम काढून घेतलं, याचं तिला वाटेत स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. आता ते कौतुक पार आटलं होतं. फळीच्या त्या एवढ्याशा खोलीत बाकावर ती अशी टेकली होती, की कुणी हाक मारली तर उठून पळता यावं. सडकेवर सायकलची घंटी वाजली की ती पदर आणखी पुढे ओढी.

इंदू खडकीहून आली. काखेत पोर, त्याच्या डोक्याला कुंची. छबूबाईने पोराला ओढून मांडीवर घेतलं, पण डोळे पडद्याच्या फटीवरच.

"आई, माझ्याकडं बघ की."

"बघते गं. कुणी बघितलं न्हाई ना येताना?"

"कुणी न्हाई."

"बारीक झालीस."

"तू पण."

पोराने आजीच्या गळ्यातली पोत मुठीत धरली. नाक थेट आबाजींचं होतं. छबूबाईला हसू आलं आणि रडूही, आणि तेवढ्यात वाऱ्याने पडदा हलला. भट्टीशेजारी दुधाची किटली ठेवलेली होती. दूध हिंदकळू नये म्हणून झाकणाखाली चिंधी कोंबलेली. हिरवी, पिवळ्या काठाची. तिच्याच जुन्या लुगड्याची. आज पहाटे तिनेच आपल्या हाताने कोंबली होती.

किटली इथे आहे, म्हणजे रिकामी न्यायला माणूस येणार.

"ऊठ," ती म्हणाली. "इंदे, ऊठ आधी. मागल्या दारानं जा."

"अगं, पण झालं काय?"

"हे येणार हायेत. मी इचारलं होतं त्येंला, माजीच जीभ झडो. शालन, पोराला घे."

शालनने पोर उचललं, ते रडायला लागलं, इंदूची एक चप्पल बाकाखाली गेली. या गोंधळात सोपानराव पडदा बाजूला करून हातात चहाचा ट्रे घेऊन उभे राहिले. त्यांनी आधी चपलेकडे बघितलं, मग छबूबाईच्या चेहऱ्याकडे, मग ती बघत होती तिकडे, किटलीकडे.

"बसा वहिनी," ते म्हणाले. "कुणी येत नाही. किटली उद्या सकाळी न्यायची ठरलीय."

छबूबाई उभीच.

"सांगू नका म्हणाले होते. पण तुम्ही अशा उपाशी निघालात तर मलाच पाप लागायचं." त्यांनी ट्रे मेजावर ठेवला. "सकाळीच येऊन गेले. आधी ही खोली बघितली. पडदा ओढून बाहेरून काही दिसतंय का ते बघितलं. बाक हलतोय म्हणून त्याच्या पायाखाली लाकडाची ढलपी घातली, ती बघा. मग जरा वेळ बसले इथं."

इंदू बाकाकडे बघत राहिली.

"काही बोलले?" छबूबाईने विचारलं.

"दुधाचं सांगितलं फक्त." सोपानरावांनी कप एकेक करून तिघींपुढे सरकवले. चहा दाट होता, वर साय धरू लागली होती. "म्हणाले, नुसत्या दुधाचा करा. पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा न्हाई. माझी तशी शपथ हाय."