बत्ती लागेपर्यंत

"बत्ती कुठं लागलीय अजून?" नवरा हसला आणि त्यानं पट्टा पुन्हा तिच्या पाठीवर ओढला.

तिनं कळवळून खिडकीबाहेर पाहिलं. दीपगृहाची बत्ती लागली की सासू देवापुढं समई लावायची, आणि दिवा लागल्यावर बाईवर हात उचलायचा नाही, एवढा एकच धर्म तो पाळायचा. आज दीपगृह बंद पडलं होतं. काळोख दाटला, तरी पट्टा थांबेना.

जन्मात लेकाला अवाक्षर न बोललेली सासू देवघरातून उठली. पितळी समई दोन्ही हातांनी उचलून तिनं त्याच्या मनगटावर घातली. हाड कडकन मोडलं. तो गुरासारखा ओरडत खाली बसला.

सासूनं समईवरचं रक्त पदरानं पुसलं, तेल घातलं, वात लावली.

"दिवा लागलाय," ती लेकाला म्हणाली. "आता हात उचलायचा नाही."