एकसष्ट रानभाज्या

यादी दुपारी बाराला कायमची बंद होणार होती. सकाळपासून महामायाबाईंना काही सुचत नव्हतं. नांदेडच्या कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या, आणि वीस वर्षं वेबसाइटींच्या एका मराठी यादीच्या संपादक, बिनपगारी. माणसानं साइट स्वतः वाचायची, मगच दोन ओळी लिहून ती यादीत घ्यायची, असा तिथला नियम. एके काळी आठवड्याला चाळीस अर्ज यायचे, संपादक तीस होते. पुढं लोक सगळं गूगललाच विचारू लागले. संपादक उरल्या त्या एकट्या.

आणि आज, सात महिन्यांनी, एक अर्ज आला होता. उदगीरकडच्या सोमेशचा, त्याच्या रानभाज्यांच्या साइटसाठी.

तासाभरात बंद पडणाऱ्या यादीत आता कोण बघणार, असं लेक बुद्धप्रियानं चहा ठेवता ठेवता विचारलं. बाई उठल्या, गॅलरीत जाऊन आल्या, घड्याळ पाहिलं आणि साइट उघडून बसल्या. कुरडू, पाथरी, तरोटा. प्रत्येक भाजीचं मराठी नाव, कानडी नाव, कुठल्या बांधावर, कोणत्या महिन्यात. चहावर साय धरली.

बाराला सात मिनिटं असताना त्यांनी दोन ओळी लिहून बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. मग पान कोरं झालं. कुणीतरी यादी वेळेआधीच बंद केली होती.

बाईंनी खोलीत दोन-तीन चकरा मारल्या. मग साइटवरचा नंबर लावला, आपण कोण ते सांगितलं, नोंद घेता आली नाही म्हणाल्या. सोमेशला त्याचं विशेष वाटलं नाही. चार-पाच ठिकाणी पाठवलं होतं, कुठूनच उत्तर नव्हतं.

"सव्विसाव्या भाजीला सत्ताविसाव्या भाजीचा फोटो लागलाय," बाई म्हणाल्या. "तेवढा बदला."



"तुमी सव्वीसपर्यंत वाचलं?"

"एकसष्टच्या एकसष्ट वाचल्या."

"थांबा मॅडम, ठेवू नका." त्यानं लांब कुणाला तरी कानडीत हाक मारली. "आईला देतो. समदं तिनंच सांगितलेलं हाय."

फोन हातातून हातात गेला. एका म्हातारीनं विचारलं, "ह्यातली कुठली कुठली खाल्लीस, माय?"