सहाशे चाळीस यार्ड

दुकानाच्या मागच्या दारात उभं राहून डुएनने पहिली दुर्बीण डोळ्यांना लावली, गावाबाहेरच्या गव्हाच्या कोठारावर रोखली आणि बटण दाबलं.

"सहाशे चाळीस," तो म्हणाला.

मागे उभ्या असलेल्या लॉर्नाचा, त्याच्या बायकोचा, जीव भांड्यात पडला. कोठार सहाशे चाळीस यार्डांवरच होतं. म्हणजे दिसतंय त्याला. आपण उगाच मनात नाही नाही ते आणत होतो.

आणत होती त्याला कारण होतं. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ही दोघं जोडीने उतरत. मोंटाना राज्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची जोडी ठाऊक होती. लॉर्ना रायफलमागे पालथी पडायची. शेजारी बसून डुएन लेसरच्या दुर्बिणीतून निशाणाच्या पोलादी पाटीचं अंतर काढायचा, वारा सांगायचा, आणि मग ती चाप ओढायची. गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत मात्र त्याने दिलेली अंतरं एकामागून एक चुकली. गोळ्या पाटीच्या अलीकडे-पलीकडे माती उडवत राहिल्या. डुएनने सगळं खापर जुन्या दुर्बिणीवर फोडलं. लॉर्नाने मान डोलावली, पण तिचं मन मानत नव्हतं.

त्याच संध्याकाळी टेस तिच्यापाशी आली होती. टेस शाळेची बस चालवायची, नेमबाजीच्या क्लबात येऊन तिला वर्षच झालं होतं. कधी शेजारी बसायला कुणी लागलं तर मी आहे, एवढंच ती चाचरत बोलली. घरी हे ऐकून डुएन मोठ्याने हसला होता. पुढच्या थांब्यापलीकडे जिची नजर जात नाही ती काय अंतर सांगणार, म्हणाला. लॉर्नाला हसू आलं नव्हतं. पुढची स्पर्धा शनिवारी होती, आणि तिला शेजारी दुसरं कुणीही नको होतं. डुएनच हवा होता.

आता तो नेहमीसारखाच रंगात येऊन विचारत होता. लेसरचा झोत बारीक आहे ना, की पाटीआधी मधल्या गवतालाच अडकतो? थंडीत बॅटरी किती टिकते? तीन पायांच्या स्टँडवर पक्की बसते का? तरुण दुकानदार गॅरेट एकेका प्रश्नाला उत्तर देता देता घामाघूम झाला. एक मात्र डुएनने विचारलं नाही. भर उन्हात आतले आकडे वाचता येतात का, हे तो पूर्वी सगळ्यात आधी विचारायचा. लॉर्नाच्या ते ध्यानात आलं, पण तिने तिकडे काणाडोळा केला.

गॅरेटने दुसरी दुर्बीण दिली. डुएनने ती कोठारावर रोखली, बटण दाबलं.

"सहाशे चाळीस. आणि चित्र बघ कसलं स्वच्छ आहे. हीच घेऊ या, लॉर्ना."

वजन बघावं म्हणून लॉर्नाने ती हातात घेतली आणि सहज डोळ्यांना लावून बटण दाबलं. आत लाल आकडे उमटले. पाचशे पंच्याऐंशी. हात हलला असेल म्हणून तिने पुन्हा दाबलं. पाचशे पंच्याऐंशी.

"हिच्यात काहीतरी गडबड आहे, गॅरेट. पाचशे पंच्याऐंशी दाखवतेय."

गॅरेटने दुर्बीण घेऊन बघितलं आणि हसला. "गडबड तिची नाही हो, माझी आहे. काल सीमेपलीकडून एक कॅनडावाला आला होता, त्याला मीटरमध्ये बघायचं होतं. परत यार्डावर आणायचं राहूनच गेलं. अंतर बरोबर आहे, फक्त मीटर…"

बोलता बोलता त्याचं हसू मावळलं. त्याने खिशातून फडकं काढलं आणि स्वच्छच असलेली काच पुसायला घेतली.

त्या दुर्बिणीत सहाशे चाळीस हा आकडा उमटलाच नव्हता. या दारातून आजवर ज्याने ज्याने दुर्बीण पारखली होती, त्या प्रत्येकाला कोठाराचं अंतर तोंडपाठ होतं. डुएनलाही होतं.

आपण तोंड उघडायलाच नको होतं, असं लॉर्नाला झालं. इतक्या वर्षांत कुणासमोर तिने त्याची मान खाली जाऊ दिली नव्हती. "वारा फार आहे," ती घाईघाईने म्हणाली. "माझ्याही डोळ्यांतून पाणी येतंय, धड काही दिसत नाही. चल, पुन्हा कधीतरी येऊ."

डुएन हलला नाही. तो कोठाराकडे बघत होता, मान जराशी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. हल्ली तो असंच बघायचा. मान आखडली असेल म्हणून लॉर्ना रोज रात्री त्याला तेल लावून द्यायची. आता तिला कळलं, आणि आपल्याला हे आधी कसं कळलं नाही म्हणून रडूच यायला लागलं.

गॅरेटचं फडकं चालूच होतं. मग डुएन वळला आणि चाचपडत काउंटरपाशी गेला. तिथल्या दुर्बिणी त्याने एकेक करून हातात घेतल्या. डोळ्यांना एकही लावली नाही. नुसती बोटं फिरवून तो बटणं शोधत होता.

"गॅरेट, या सगळ्यांची बटणं उजव्या हाताला आहेत. डाव्या हाताला असलेली नाही का एखादी?"

"आहे की आत. पण तुम्ही तर उजव्या हाताचे."

"मी उजव्याच हाताचा," डुएन म्हणाला. "टेस डावखुरी आहे."