तीनशे नॅनोसेकंद आधी

विवाह नोंदणी अधिकारी आठल्ये यांनी अर्ज परत सरकवला. "नामंजूर. नवरदेवाचा प्रश्न अंटार्क्टिकाहून निघाला, त्याच्या तीनशे नॅनोसेकंद आधीच तुमचा होकार इथून निघालाय. कायद्यानं उत्तर प्रश्नानंतर हवं."

"घड्याळं पुढेमागे असतील," मृण्मयी म्हणाली.

"बाई, दोन्हीकडची घड्याळं उपग्रहावरून जुळवलेली आहेत आणि वेळेचा शिक्का नेटवर्क कार्डच मारतं, शब्द तारेला लागताक्षणी. तिथे वशिला चालत नाही."

"मग आता मीच विचारते." ती कॅमेऱ्याकडे वळली. "निनाद, करतोस लग्न?"

"हो."

आठल्यांनी दोन्हीकडचे शिक्के ताडून पाहिले. प्रश्न तिथे पोचायला आणि उत्तर इथे यायला लागतो, नेमका तेवढाच वेळ गेला होता.

"नवरदेवांनी विचार अजिबात केलेला नाही," ते म्हणाले. "नियमात बसतं." आणि त्यांनी सही केली.