भोजराजची दारू

भोजराजची दारू सुटली, असं रविवारच्या बैठकीच्या फळ्यावर खडूने लिहिलंय. एक वर्ष पूर्ण. खाली कुणीतरी गुलाब काढलाय, तो भोपळ्यासारखा दिसतो. आता हे काही अजून झालंच नाही असं धरा.

वर्षभरापूर्वी अंजनाने दवाखान्याच्या भिंतीवरचा एक कागद फाडून आणला आणि नवऱ्याच्या शिलाई मशीनवर आपटला. 'दारूने त्रास दिला असेल तर या. दर रविवारी अकरा वाजता.' पत्ता गोंदियातल्या एका शाळेचा.

"रविवारी जाऊ," ती म्हणाली.

"जाऊ," भोजराज म्हणाला. त्याने सुईत दोरा ओवला आणि मशीन चालू केली.

त्याआधी पंधरा दिवस नीतूचा हात भाजला होता. सहा वर्षांची पोरगी एकटीच चुलीवरून वरणाचा गंज, म्हणजे भरलेलं पातेलं, उतरवायला गेली, कारण शुद्धीवर असलेलं माणूस घरात नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंजनाची आई देवकाबाई आली आणि नातीला चिचगडला घेऊन गेली. जाताना अंगणातून ओरडली, "एक वर्स दारू बंद. मंग कागद दाखव आन पोरगी ने. कागदावर नाव पायजे, शिक्का पायजे. तोंडी कसमा मी बहुत आयकल्या!"

बैठक बकाराम गुरुजी चालवत. निवृत्त मास्तर, स्वतः अठरा वर्षं कोरडे. त्यांची शिस्त पक्की होती. पिणारे पुढे सतरंजीवर, घरच्या बाया मागच्या बाकावर. ही दोघं दारात उभी राहिली तसा गुरुजींनी भोजराजचा हात धरला.

"या भाऊ. लाजू नका."

भोजराजने तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"पहिल्या दिवशी सगळ्यायचं असंच होते," म्हणत गुरुजींनी त्याला सतरंजीवर बसवलं. अंजना मागे गेली.

चहा आला तेव्हा तिच्या हातातली कपबशी इतकी थरथरली की सतरंजीपर्यंत आवाज आला. बिसराम नावाचा जुना मेंबर हळहळला. "पाहा भोजराजभाऊ, तुमच्यापायी बाईचे का हाल झाले."

भोजराजने मान खाली घालून चहा संपवला.

सतरंजीवर प्रत्येकाला आपली कथा सांगावी लागे. भोजराजची पाळी चौथ्या रविवारी आली. घसा खाकरून तो म्हणाला, "मी मोहाची घेत होतो. ताकासारखी. मीठ टाकून."

"मीठ टाकून!" बिसरामला ठसका लागला. सतरंजी हसून लोळली.

"मीठ नाही टाकत!" अंजना मागून खेकसली. "धड सांगता येत नसन तं गप बसा ना!"

"बाईले सारं पाठ आहे," बिसराम डोळे पुसत म्हणाला. "भोगलं ना तिनं."

"मले बोलाचं आहे," अंजना उभी राहिली.

"तुमचा राग समजते, वहिनी," गुरुजी म्हणाले. "पण इथं नवऱ्याची निंदा चालत नाही. बसा."

ती बसली. बाकाचा एक पाय त्या दिवशी तुटला. तो आधीच कच्चा होता, असं ठरलं.

परत येताना स्कूटरवर ती त्याच्या पाठीवर ओरडली, "तुमी खरं काऊन नाही सांगत?"

"गावात राहाचं आहे, अंजना."

"तुमाले गाव दिसते. मले पोरगी दिसते!"

बिरसीच्या विमानतळाच्या दिशेने शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. भोजराजने ते लक्ष देऊन पाहिलं.

गावाला कळायचं ते कळलंच. 'बेवड्याचं माप चुकते' म्हणून शाळेच्या गणवेशाचं काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. होळीला शेजारी बाटल्या उघडल्या, तेव्हा अंजनाने घराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली भोजराजच्या खिशात टाकली. दिवसभर दोघं भांडली. संध्याकाळी तिने घरातले सगळे गंज घासले, स्वच्छ होते तेही.

असे बावन्न रविवार झाले. शाल आली, नारळ आला, शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं. "आपल्या भोजराजभाऊसाठी जोरात!" गुरुजी ओरडले. टाळ्या इतक्या वाजल्या की शाळेचा चपराशी पाहायला आला. बिसराम रडला.

अंजना मागून तरातरा आली. प्रमाणपत्र ओढून घेतलं. नाव वाचलं. नवऱ्याच्या खांद्यावरची शाल खेचून जमिनीवर फेकली.

"आजच्या दिवशी तरी राग सोडा, वहिनी!" गुरुजी म्हणाले.

"नाव बदला."

"बरोबर तं आहे. भोजराज."

"बदला म्हणते ना मी!"

"लेखी द्या," गुरुजी दुखावल्या सुरात म्हणाले. "समितीपुढं ठेवू." समिती म्हणजे गुरुजीच होते, आणि ती अजून एकदाही बसली नव्हती.

अंजनाने कोरा कागद मागितला आणि उभ्याउभ्याच भिंतीला लावून लिहिला.

'प्रति, मा. अध्यक्ष, रविवारची बैठक, गोंदिया.

विषय : प्रमाणपत्रातील नावात दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझी मुलगी नीतू हिचा ताबा माझ्या आईकडून मिळण्यासाठी सदर प्रमाणपत्र खऱ्या नावाने असणे आवश्यक आहे. श्री. भोजराज यांनी जन्मात दारूला तोंड लावलेले नाही. दारू मी पीत होते. सोडली तीही मीच. तरी त्यांना आज देण्यात आलेल्या सर्व टाळ्या तात्काळ परत घेऊन, तितक्याच जोरात, मागच्या बाकाकडे तोंड करून माझ्या नावे पुन्हा वाजवण्यात याव्यात, ही नम्र विनंती.'