छत्तीसपैकी तेहतीस

"तेहतीस!" निमोण्याच्या आप्पांनी मांडीवर थाप मारली. "छत्तीसातले तेहतीस! काढ छापून, संपत. पोरीचं नशीब उघडलं."

संपतनं छापायचं बटण काही दाबलं नाही. पोरगी म्हणजे आप्पांची नीलम. ती बापाच्या मागं बाकड्यावर बसून ओढणीचं टोक चावत होती. आणि तिचे तेहतीस गुण जुळले होते ते दौंडच्या, रेल्वेत नोकरी करणाऱ्या कुठल्याशा पोराशी.

शिरूरच्या स्टँडसमोर संपतचं सायबर कॅफे होतं. नीलम तिथंच कॉम्प्युटर शिकली आणि शिकता शिकता दोघांचं जमलं. जात एक, गाव शेजारचं, शिवाय आप्पांचा संपतवर जीव; हुरड्याचं पहिलं बोलावणं त्यालाच. मग घोडं अडलं कुठं? पत्रिकेत. संपतनं गुपचूप एका गुरुजींना दोघांच्या पत्रिका दाखवल्या होत्या. गुरुजी म्हणाले, आठ गुण. अठराच्या खाली लग्न करू नये म्हणतात, इथं तर त्याच्या निम्मेही नाहीत. तेव्हापासून बहाद्दराची बोलती बंद. सगळ्या तालुक्याच्या पत्रिका इंटरनेटवर जुळवणारा हा पठ्ठ्या स्वतःच्या लग्नाचा विषय काही काढत नव्हता.

आता त्यानं पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. तेहतीस! एवढे त्याला शाळेत गणितात कधी मिळाले नव्हते.

पण सकाळी भांडगावचे पाहुणे आले होते, त्यांनाही तेहतीसच. काल केंदूरची मंडळी, त्यांनाही तेहतीस. संपतच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं नवऱ्याच्या जागी स्वतःची जन्मतारीख घातली आणि नवरीच्या जागी आप्पांची, अंदाजपंचे.

तेहतीस.

"हे काय रं?" आप्पांनी मान पुढं काढली. "म्हंजी मी आन् तू?"

"व्हय आप्पा. निस्ता मुहूर्त काढायचा ऱ्हायलाय."

नीलम फिस्सकन हसली. संपतला हसू येईना. चूक कुठं झाली ते त्याला कळलं होतं, आणि ती त्याचीच होती.

त्याचं असं की, कॅफेतल्या सगळ्या मशिनी कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरमार्फत इंटरनेटला जायच्या. त्याला प्रॉक्सी म्हणतात. कुठलं पान दाखवायचं, कुठलं अडवायचं, कुठलं साठवून ठेवायचं, हे सगळं तो बघणार, आणि त्याला दिलेले हुकूम असतात रजिस्ट्रीत. रजिस्ट्री म्हणजे मशीनचा सातबारा. एक नोंद चुकली की बसा निस्तरत. पण संपतला तिथं हात घालायची भारी खोड. पोरांनी वाह्यात काही बघू नये म्हणून एकदा त्यानं इंग्रजीतला 'बार' शब्द अडवला, तर बारामतीचा कांद्याचा भाव दिसेनासा झाला आणि कांदेवाल्यांनी कॅफे डोक्यावर घेतलं.

तरी खोड जाईना. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट ते, पत्रिकेची साइट उघडता उघडता माणूस पेंगायचा. म्हणून लग्नसराईच्या तोंडावर त्यानं त्या साइटपुरतं लिहून टाकलं: एकदा आणलेलं पान जपून ठेव, पुन्हा कोणी मागितलं तर तेच दे, आणि पानाच्या पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढं काय लिहिलंय ते बघूच नको. पान झटकन यायला लागलं. संपतनं कॉलर ताठ केली. नवरानवरीच्या जन्मतारखा त्या प्रश्नचिन्हापुढंच जातात, हे काही बेट्याच्या ध्यानात आलं नाही. पानावर नावं नसायची, नुसते गुण. सगळ्यात आधी आलेल्या जोडप्याचे तेहतीस गुण प्रॉक्सी अख्ख्या तालुक्याला वाढत सुटला होता.

आता बोलावं, तर कॅफेचं नाव मातीत. जुळवून दिलेल्या सगळ्या वराती दारात भांडायला यायच्या. गप्प बसावं, तर नीलम दौंडला. संपतनं तिच्याकडं पाहिलं. ती हसायची थांबली होती.

"आप्पा, ह्ये तेहतीस खोटं हाय," तो म्हणाला.

त्यानं रजिस्ट्री उघडली, नोंद पुसली, साठवलेलं पान उडवलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केली. दौंडच्या पोराची आणि नीलमची तारीख परत घातली. पान रांगत रांगत आलं.

अकरा.

संपतला असा काही आनंद झाला की विचारू नका. लगेच मार खायच्या तयारीनं त्यानं पाठही आकसून घेतली. पण आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "गुरुजीनं बी अकराच सांगितले व्हते. अरं, ज्याचे जुळत्यात त्यो तुझ्याकडं कशाला येतोय? संपतच्या मशीनवर समद्यांचे तेहतीसच येत्यात, ह्ये सगळ्या तालुक्याला ठावं हाय. हिची आई तीसच्या वरचा कागद बघितल्याबिगर लग्नाला हो म्हणायची न्हाई. म्हणून तर आलो."

 नीलम बाकड्यावरून उठून पुढं आली.

"आप्पा, मला दौंडला न्हाई जायचं. मला संपतच पायजे. पर आमचे आठच जुळत्यात."

आप्पा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग मिशीतल्या मिशीत हसले. "आन् ह्ये आत्ता सांगताय व्हय? मी मुलूख पालथा घालून दौंडचं पोरगं शोधलं, आन् जावई हितं माझ्याम्होरं बसलाय!"

संपत पाया पडायला वाकला. तेवढ्यात आप्पांची नजर पडद्यावरच्या त्या अकरावर गेली. त्यांना घर आठवलं, घरातली बायको आठवली आणि हसू जागच्या जागी मावळलं. त्यांनी वाकलेल्या जावयाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"मग येड्या, मशीन दुरुस्त कशाला केलीस?"